केराटिन बॉन्डवाली एक्स्टेन्शन काढली आणि हातात एवढा मोठा गुंतवळ आला, हे नॉर्मल आहे का?

ओली_वाळू, चिंचवड

नमस्कार मंडळी, खूप घाबरून लिहितेय त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

जूनमध्ये धाकट्या दिराचं लग्न होतं. माझे केस आधीच पातळ, खांद्याच्या जरा खाली, आणि आमच्याकडे टँकरचं पाणी असल्यामुळे कायम झाडूसारखे. पार्लरवालीने सांगितलं की सेमी पर्मनंट एक्स्टेन्शन कर, म्हणजे आपल्या केसांना वरून जोडायच्या लांब बटा, केराटिनचे बॉन्ड आहेत म्हणजे केसांना उलट पोषणच मिळतं, झीरो डॅमेज. २० इंची, १४० बटा, प्रत्येकी १ ग्रॅमची, ३२ हजार घेतले. लग्नात भारी दिसले, खोटं कशाला बोलू, नवऱ्याच्या आत्याने दोनदा ओढून बघितले.

तीन महिन्यांनी काढायला या म्हणाली होती. पण गौरी गणपती, मग नवरात्र, मग ऑफिसचं क्वार्टर एंड, असं करत करत दिवाळी आली. आईने अभ्यंगस्नानाला भरपूर तेल थापलं डोक्यावर, मी नको नको म्हणत होते. त्यानंतर काही बटा दोन दोन इंच खाली सरकल्या आणि मानेवर तर सगळ्या एकमेकींत अडकून नारळाच्या शेंडीसारखं झालं. शेवटी साडेपाच महिन्यांनी घराजवळच्या दुसऱ्याच पार्लरमध्ये गेले. तिथल्या मुलीने काहीतरी लिक्विड लावलं आणि दोन मिनिटांत पक्कडने दाबून खाली ओढायला सुरुवात. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. संपल्यावर बघते तर लाडवाएवढा गुंतवळ, आणि हे माझे केस, एक्स्टेन्शनचे नाहीत! उजव्या कानाच्या वर दोन बोटं जागा विरळ दिसतेय, बाकी वेणी एकदम उंदराच्या शेपटीसारखी.

आई म्हणते सांगितलं होतं तुला. मला फक्त एवढंच सांगा, हे परत येतात का? आणि चूक माझी की पार्लरची?


रोखठोक_सातारी

यात विचारायचं काय. डोक्याला डिंक लावल्यावर टक्कल पडणारच. सगळं मार्केटिंग आहे.


कात्री_आणि_कंगवा, ठाणे

सातारी, नऊ वर्षं हेच काम करते म्हणून बोलते, पडणारच असं नाही हो. पण ओली_वाळू, तुला ज्या पद्धतीने लावलंय आणि काढलंय ते वाचून मलाच राग आला.

आधी ते पोषणाचं बघू. केस गुळगुळीत करायची केराटिन ट्रीटमेंट वेगळी आणि केराटिन बॉन्ड वेगळा, नावामुळे सगळ्याजणी फसतात. बॉन्ड म्हणजे गरम केल्यावर वितळणारा आणि गार झाल्यावर घट्ट होणारा डिंक आहे. तुझ्या केसांची छोटी बट घ्यायची, त्यावर एक्स्टेन्शनचं टोक ठेवायचं, मशीनने गरम करून बोटांनी लाटायचं, तांदळाच्या दाण्याएवढं झालं पाहिजे. तो केसाला धरून ठेवतो, खाऊ घालत नाही. त्यामुळे पोषण वगैरे विसर.

आता गुंतवळाचं. आपले केस रोज ५० ते १०० असे गळतच असतात, सगळ्यांचे. तुझे पण जूनपासून रोज गळतच होते, पण बॉन्डमध्ये अडकलेला केस मुळातून सुटला तरी पडणार कुठे? शेजारच्यांनी धरून ठेवलाय ना त्याला. साडेपाच महिने म्हणजे १६५ दिवस धर, सगळ्या डोक्याचे मिळून ८ ते १६ हजार केस गळायची वेळ होऊन गेलेली असते. त्यातले अर्धेच बॉन्डखाली होते असं धरलं तरी ४ ते ८ हजार केस एका दिवशी हातात येणार. लाडू काय, नारळ दिसेल. म्हणून काढताना क्लायंटला मी आधीच सांगते की घाबरू नको, हा मागचा हिशोब आहे. तुला कोणी सांगितलंच नाही.

पण सगळाच गुंतवळ असा निर्दोष नसणार, ते पण सांगते. एकेक केस उजेडात धरून टोक बघ. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळातून आलेला, बहुतेक आपला नेहमीचा गळालेला. गाठ नाही, मध्येच तुटलेला आणि आखूड असेल तर तो ओढाताणीत तुटलेला. दुसऱ्या प्रकारचे जास्त असतील तर काढणारीचं काम वाईट.

आणि १४० ग्रॅम पातळ केसांवर!! मी तुझ्यासारख्या केसांना १ ग्रॅमची बट लावतच नाही, अर्ध्या ग्रॅमची लावते, त्या पण कमी, आणि कानाच्या वरची कडेची ओळ पूर्ण सोडते कारण तिथले केस मुळात नाजूक. साधा नियम आहे, वरून जेवढी जाड बट लटकवतेस तेवढेच केस खाली तिला उचलायला पाहिजेत. दहा केसांच्या खांद्यावर शंभर केसांचं ओझं दिलं तर काय होईल. लांबी २० इंच मागितली की वजन वाढतं हे पण कोणी बोलत नाही.

काढायचं काम घाईचं नाहीच. लिक्विड टाकून थांबायचं, बॉन्ड पक्कडने चुरडायचा, साखरेसारखा भुगा व्हायला लागला की बट आपोआप सरकते, ओढायला लागलं म्हणजे बॉन्ड अजून फुटलेला नाही, परत लिक्विड. अख्खं डोकं मला अडीच तीन तास लागतं. आणि मग डोकं धुवायच्या आधी बारीक कंगव्याने खालून वर सगळे सुटे केस काढायचे, नाहीतर पाणी लागलं की त्यांचा नमदा होतो आणि तो सोडवताना चांगले केस पण जातात.


ओली_वाळू

ताई खूप खूप थँक्यू. आत्ता खिडकीत बसून बघितलं, पांढरी गाठवाले बरेच आहेत पण मानेजवळचे बहुतेक तुटलेले. आणि तिने धुऊन मगच विंचरलं होतं 😭


त्वचेची_डॉक्टर

मी स्किनची डॉक्टर आहे, ऑनलाइन निदान करणार नाही पण काही गोष्टी नक्की सांगता येतील.

वरच्या ताईंनी गळतीचा हिशोब छान मांडलाय. फक्त कानाच्या वरचा विरळ भाग त्या हिशोबात बसत नाही, कारण साठलेली गळती सगळीकडे सारखी असते, एकाच जागी ठिगळ पडत नाही. तिथे सतत ओढ बसलेली असू शकते. त्याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात, म्हणजे ओढीमुळे गेलेले केस. घट्ट वेण्या, कसून बांधलेला अंबाडा, वजनदार एक्स्टेन्शन, सगळ्यांनी होतो. ओढ लवकर थांबली तर केस बहुतेक वेळा परत येतात, त्याला काही महिने लागतात कारण केस महिन्याला जेमतेम १ सेंटिमीटर वाढतो. पण वर्षानुवर्षं ओढ चालू राहिली तर मूळच बुजून जातं आणि तिथे कायमची गुळगुळीत जागा राहते. तुमचे साडेपाच महिने आहेत, वर्षं नाहीत, हे लक्षात ठेवा.

लावल्यावर पहिले दोन दिवस थोडं ताणल्यासारखं वाटतं, पण झोपताना दुखणं, बटेच्या मुळाशी पुळ्या येणं, कपाळाच्या कडेला लाल होणं ही सूचना आहे, तेव्हाच काढायचं असतं. तुम्हाला असं काही झालं होतं का?

आता लगेच मिनॉक्सिडिल, म्हणजे केस वाढवायचं औषध, दुकानातून आणून लावू नका, दाखवून मग ठरवा, आणि दिवस राहायचा विचार असेल किंवा बाळाला पाजत असाल तर डॉक्टरांना ते आधी सांगा. पातळ केस आधीपासून आहेत म्हणताय, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासलेलं बरं. बऱ्याचदा आतलं कारण वेगळंच असतं आणि आपण वरून केस चिकटवत बसतो. आणि उलटं पण बघितलंय, डेंग्यू किंवा बाळंतपणानंतर दोन तीन महिन्यांनी जी गळती सुरू होते ना, नेमकं तेव्हाच बायका एक्स्टेन्शन लावायला जातात. ती वेळ सगळ्यात वाईट.


ओली_वाळू

हो डॉक्टर, पहिला आठवडा त्याच बाजूला झोपताच येत नव्हतं! पार्लरवाली म्हणाली सवय होईल, आणि झाली पण सवय. म्हणून मी गप्प बसले.


कात्री_आणि_कंगवा

सवय होत नसते ग, डोकं दमतं. तेव्हाच त्या चार बटा काढून दिल्या असत्या तर दहा मिनिटांचं काम होतं.


फिल्मवाला_नागपूर

विषयाला सोडून आहे पण सांगून ठेवतो, मी एमआरआयवर काम करतो. बॉन्डऐवजी मायक्रो रिंग किंवा नॅनो रिंगवाली एक्स्टेन्शन असतात, त्यात प्रत्येक बटेला धातूची बारीक कडी. पेशंटला विचारलं धातूचं काही अंगावर आहे का, तर बांगड्या काढते, जोडवी काढते, आणि डोक्यात शंभर कड्या घेऊन आत जायला तयार. त्या बिचारीच्या लक्षातच नसतं. तुमच्या डोक्यात असतील तर फॉर्म भरतानाच सांगा. पापाची परी असाल तरी 😄


शेवंतीची_वेणी

अगं आमच्या वेळी याला गंगावन म्हणायचे आणि ते रात्री खुंटीला टांगलेलं असायचं. माझ्या सासूबाईंचं गंगावन त्यांच्याच केसांचं होतं. रोज विंचरल्यावर गुंतवळ बोटाला गुंडाळून देवळीत ठेवायच्या आणि साठला की करून घ्यायच्या. वेणीत गुंफायचं, कार्यक्रम झाला की काढायचं. मी त्यांचंच वापरलं माझ्या मंगळागौरीला. मला कळत नाही एका दिवसाच्या लग्नासाठी पाच महिने डोक्यावर ओझं कशाला.

तेलाचं मात्र तुझ्या आईला बोलू नकोस, तिला काय माहीत.


कात्री_आणि_कंगवा

काकू, एकदम पटलं. एक दोन दिवसांसाठी मी पण क्लिपवालीच सुचवते, कमाई कमी होते माझी पण चालतं. फक्त गंगावन सुद्धा रोज कसून बांधलं तर कडेचे केस जातातच हां, डॉक्टर म्हणाल्या तसं. ओढ ती ओढ.

तेलाबद्दल: मुळाशी तेल किंवा सिलिकॉनवालं कंडिशनर लागलं की बॉन्ड सैल होऊन घसरतो. त्यामुळे ते केस फक्त टोकांना कंडिशनर लावून सांभाळायचे असतात, ओल्या केसांनी झोपायचं नाही, रात्री सैल वेणी. आपल्याकडे चंपीशिवाय ज्यांचं पान हलत नाही त्यांनी या वाटेला जाऊच नये, हे मी तोंडावर सांगते. आणि तीन महिने म्हणजे तीन महिने, फार तर चार. बॉन्ड मुळापासून लांब गेला की तो गरगर फिरतो, शेजारच्या बटेत शिरतो, तेच तुझं नारळाची शेंडी प्रकरण. त्यामुळे चूक कोणाची विचारलंस ना, लावणारीची निम्मी, काढणारीची पाव, उरलेली तुझी आणि नवरात्राची.


रोखठोक_सातारी

ठीक आहे, माझं 'पडणारच' मागे घेतो. पण एक शंका, हे ३२ हजाराचे केस येतात कुठून? तिरुपतीचे असतात म्हणे.


कात्री_आणि_कंगवा

काही असतात. तिरुमलाला मुंडण केलेले केस देवस्थान लांबीप्रमाणे वेगळे करून लिलावात विकतं. एका दिशेने ठेवलेले, म्हणजे सगळ्यांची मुळं वर आणि टोकं खाली, त्याला धंद्यात रेमी म्हणतात. केसाला माशासारखे बारीक खवले असतात, सगळे एकाच दिशेला असले की गुंता होत नाही.

दुसरा माल म्हणजे आपलाच गुंतवळ. दारावर यायची ना बाई, केस द्या भांडी घ्या? तो सगळा गोळा होऊन पुढे सोडवला जातो. त्यात मूळ कुठलं टोक कुठलं काही पत्ता नसतो, म्हणून ॲसिडमध्ये घालून खवलेच काढून टाकतात आणि वरून सिलिकॉनचा थर देतात. दुकानात रेशमासारखं लागतं, आठ दहा वेळा धुतलं की थर जातो आणि खरा रंग कळतो. ओली_वाळू, तुझे किती दिवसांत राठ झाले?


ओली_वाळू

ऑगस्टमध्येच 🙄 मला वाटलं टँकरचं पाणी.


ओली_वाळू

अपडेट देते, तीन आठवडे झाले. डॉक्टरांनी दुर्बिणीसारख्या यंत्राने कानावरची जागा बघितली, मुळं शाबूत आहेत आणि बारीक नवे केस दिसतायत म्हणाल्या. फेरिटिन खूपच कमी निघालं, गोळ्या चालू केल्या आहेत. तीन महिने घट्ट काही बांधायचं नाही, सैल क्लिप फक्त. मानेजवळचे तुटके केस लपेनात म्हणून कान झाकेल इतकाच कट करून घेतला, सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, आता म्हणतात बरा दिसतोय.

आणि ती काढलेली १४० बटांची पिशवी कपाटात पडून होती, टाकवत पण नव्हती. काल आईकडे गेले तर नेमकी भांडीवाली आली. आई हट्टाने पिशवी घेऊन खाली गेली, म्हणाली निदान एक पातेलं तरी सुटेल. भांडीवालीने एक बट दोन बोटांत घेऊन चोळली, टोकाला वास घेतला आणि परत पिशवीत टाकत म्हणाली, "हे नको मावशी, हे एकदा विकून झालेत."