हशाआड दडलेला दुवा : सोसायटी ग्रुपवरील चर्चा, विश्रामबाग, सांगली

ब-३०२ : सर्वांना नमस्कार. सकाळपासून ग्रुपवर आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पाणीपातळीचे आकडे येत आहेत, त्यांच्यामध्ये थोडा वेगळा विषय मांडते. पावसामुळे मुले चार दिवस घरातच आहेत आणि रोज संध्याकाळी इमारतीतली सात-आठ मुले आमच्याकडे विनोदी रहस्यकथांची ऑडिओबुक ऐकायला जमतात. पहिल्या दिवशी मुलांना गुंतवून ठेवावे एवढ्याच हेतूने मी ती लावली होती. आता स्वयंपाक आटोपून मीही त्यांच्यात जाऊन बसते.

रहस्य आणि विनोद यांची बालसाहित्यात इतकी छान गट्टी का जमते, हे मला ऐकताना प्रथमच उमगले. लेखकाला महत्त्वाचा दुवा सर्वांसमोर ठेवायचा तर असतो, पण तो कुणाच्या नजरेत भरू द्यायचा नसतो, आणि मुले पोट धरून हसत असतील तर त्या हशाआड तो बिनबोभाट लपतो. परवाच्या गोष्टीत एका विसराळू मामांची छत्री तीनदा हरवली आणि तिन्ही वेळा मुले हसली. शेवटी त्या छत्रीवरूनच चोरी उघड झाली, तेव्हा खोलीत क्षणभर शांतता पसरली. त्यानंतर छत्री दुसऱ्यांदा नेमकी कुठे राहिली होती, यावर मुलांचा बराच वेळ वाद रंगला. हातात पुस्तक असते तर कुणीतरी मागचे पान उलटून तो लगेच मिटवला असता.

अ-१०१ : ताई, आपला संदेश दोनदा वाचला. आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले, तेव्हा मी शाळकरी होतो. शेजाऱ्यांच्या रेडिओभोवती बसून आम्ही श्रुतिका ऐकत असू. हसण्याच्या गलक्यात एखादे वाक्य बुडाले की ते गेलेच, म्हणून थोरली भावंडे आम्हाला दटावून गप्प बसवीत. आता गोष्ट मागे नेता येते, ही सोय मोठीच आहे. तरीही मुलांनी आधी आठवून पाहावे आणि मगच मागे जावे, असे मला वाटते.

क-२०४ : आजोबांचे म्हणणे मला पटते. आमच्या घरी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सर्वांचा लाडका आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे पुस्तकात ‘ट्टॉक्’ करतो, तेव्हा ती कागदावरची अक्षरे असतात आणि प्रत्येक जण ती आपापल्या परीने वाचतो. मोठ्याने वाचणाऱ्याला मात्र जीभ टाळ्याला लावून तो आवाज काढावाच लागतो. आमच्या धाकटीने तो ऐकला आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात सगळी मुले ट्टॉक् ट्टॉक् करत होती. पुस्तक वाचायचा कंटाळा करणाऱ्या थोरल्याने त्यानंतर कपाटातले फास्टर फेणेचे पुस्तक स्वतःहून काढले, म्हणून ऐकण्याची सवय लागली की वाचन सुटते ही भीती निदान आमच्या घरात तरी खरी ठरलेली नाही.

अ-४०३ : माझे वडील गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, व्यवसायानिमित्त विट्याहून कोलकात्याला गेले होते, त्यामुळे माझे बालपण तिकडे गेले आणि सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा मला बंगालीतूनच भेटला. त्या कथा फेलूदाचा चुलतभाऊ तोपसे सांगतो. त्याला जेवढे दिसते तेवढेच आपल्याला कळते, आणि म्हणूनच त्या एका आवाजात ऐकायला इतक्या शोभतात. १९७१ च्या ‘सोनार केल्ला’मध्ये जटायू या टोपणनावाने साहसकथा लिहिणारे लालमोहनबाबू प्रथम येतात आणि त्यांच्या भाबड्या चुकांनी गोष्टीतला ताण हलका होतो. अशोक जैन यांनी या कथा मराठीत आणल्या आहेत. मुलांना त्या जरूर द्याव्यात.

एक अनुभवाची गोष्टही सांगतो. विनोदी रहस्यकथेचे अभिवाचन अवघड असते. मागे आम्ही एक कथा ऐकली, तिच्यात वाचणाऱ्याने चोराला पहिल्या भेटीतच घोगरा, खुनशी आवाज दिला आणि माझ्या मुलीने दुसऱ्याच प्रकरणात त्याचे नाव सांगितले. चांगला वाचक विनोदी पात्रांचे आवाज मनसोक्त बदलतो, पण गुन्हेगाराचे संवाद इतरांइतक्याच साधेपणाने म्हणतो. म्हणून नमुन्यादाखल दिलेला भाग ऐकल्याशिवाय मी कोणतेही ऑडिओबुक घेत नाही.

ब-३०२ : दादा, हे फार महत्त्वाचे सांगितलेत. त्यात मी संक्षिप्त आवृत्तीची भर घालते. आम्ही घेतलेल्या एका पुस्तकात काटछाट करणाऱ्यांनी केवळ गमतीचे म्हणून काही प्रसंग गाळले होते. उलगडा ऐकताना मुले गोंधळली, आणि छापील प्रत पाहिल्यावर कळले की दुवा त्या गाळलेल्या गमतीतच होता. रहस्यकथा संपूर्णच ऐकावी, भले तिला आठवडा लागो.

अ-१०१ : ऐकण्याचा वेगही वाढवू नये. विनोद करणारा जिथे थांबतो, तिथेच हसू येते. वेग वाढवला की तो थांबाच उरत नाही.

चिटणीस : चर्चा वाचून समाधान वाटले. शनिवारी सायंकाळी सहा ते सात या वेळेत सोसायटीचे सभागृह मुलांसाठी उघडे राहील. ध्वनिक्षेपक क-२०४ यांनी आणावा आणि आवाज सभागृहापुरताच ठेवावा.

ब-३०२ : मनःपूर्वक आभार, काका. शनिवारी शेवटचे प्रकरण ऐकवणार नाही. मुलांनी आपापला संशयित आणि त्यामागचे कारण चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकावे. उलगडा रविवारी होईल. पालकांना नम्र विनंती आहे की, त्यांनी रात्री घरी पुढचा भाग लावू नये. मलाही शेवट ठाऊक नाही आणि माझीही चिठ्ठी त्या डब्यात असणार आहे.