काँक्रीटच्या ड्राइव्हवेवर पाणी तुंबतंय, वरून थर देऊ की ड्रेन काढू?

गेटपासून गॅरेजपर्यंत काँक्रीट आहे पण पाऊस पडला की मधे आणि घराच्या भिंतीला लागून पाणी साचतं, लवकर हटत नाही, शेवाळ धरतं आणि आता भिंतीला खालून ओल दिसायला लागलीय. गवंडी म्हणतो फोडायचं काही कारण नाही, वरून सिमेंट-वाळूचा थर मारून ढाळ काढून देतो. टिकेल का हे?

प्रतिसाद १
नाही टिकणार, प्लीज करू नका. थर जिथे संपतो तिथे तो एकदम पातळ होतो आणि गाडीच्या चाकाखाली तिथूनच पापुद्रे सुटायला लागतात. मधला खोलगट भाग छोटा असेल तर जुनं काँक्रीट खरवडून, धुऊन, बाँडिंग कोट (जुन्याला नवं चिकटवणारा थर) मारून पॉलिमर मॉर्टर (चिकटपणासाठी पॉलिमर घातलेलं सिमेंट-वाळूचं मिश्रण) भरता येतं. आणि गच्चीचं पाणी कुठे सोडलंय? तो पाइप ड्राइव्हवेवरच सुटत असेल तर आधी तो वळवा, बरेचदा अर्धं पाणी तिथलंच असतं.

प्रतिसाद २
खर्चाच्या आधी ढाळ मोजा ना. दोरी आणि लेव्हल बॉटल पुरते, मीटरमागे 1 ते 2 सेंमी उतार हवा आणि तो घरापासून लांब जाणारा हवा. मधल्या भागावर हातोडीने ठोकूनही बघा, पोकळ आवाज आला तर खालचा भराव बसलाय, मग वरून काहीही केलं तरी स्लॅब परत खचणार.

प्रश्नकर्ता
मोजलं, उतार चक्क घराकडेच आहे 😟 आवाज भरीव येतोय. गच्चीचा पाइप पण तिथेच सुटतो.

प्रतिसाद १
मग चॅनल ड्रेनच, म्हणजे काँक्रीटमध्ये बसवलेली, वर जाळी असलेली लांब नाली. भिंतीपासून थोडं अंतर सोडून कटरने सरळ पट्टी कापून घ्या, ब्रेकरने वेडीवाकडी फोडू देऊ नका नाहीतर बाजूला तडे जातात. चॅनल खालून आणि दोन्ही बाजूंनी काँक्रीटमध्ये बसवायचा, त्याच्या तळालाही आउटलेटकडे ढाळ द्यायचा, आणि जाळी गाडीचं वजन घेणारी घ्या, काँक्रीटपेक्षा 2-3 मिमी खालीच ठेवा, वर राहिली तर पाणी तिच्या अलीकडेच अडतं. गच्चीचा पाइप वेगळा काढा, चॅनलमध्ये सोडू नका.

प्रतिसाद ३
आउटलेट कुठे नेणार ते आधी ठरवा पण. गटार चॅनलपेक्षा उंचावर असेल तर शोषखड्डा लागेल, तोही पायापासून लांब, आणि चिकणमाती असेल तर पाणी मुरतच नाही, खड्डा खणून पाणी ओतून बघा किती वेळात उतरतंय.