मदत हवी आहे: टीडीपी-४३ च्या आरआयपीत आयजीजीलाही तेवढाच सिग्नल

पिपेटधारी
टीडीपी-४३ (आरएनएला चिकटणारं प्रथिन) ची तीनदा आरआयपी (अँटीबॉडीने प्रथिन ओढून त्याला चिकटलेला आरएनए मोजणं) केली, तिन्ही वेळा तेच. क्यूपीसीआरला (आरएनएचा डीएनए करून तो वाढवत मोजणं) टीडीपी-४३ अँटीबॉडीच्या नळीचा सीटी (सिग्नल दिसेपर्यंतची चक्रं; आकडा कमी तर माल जास्त) २८.१, आयजीजीचा (काहीच नेमकं न पकडणारी कंट्रोल अँटीबॉडी) २८.५. टार्गेट एसटीएमएन२ या जनुकाचा आरएनए. अँटीबॉडी चांगली आहे, वेस्टर्नला (प्रथिन ओळखायची चाचणी) स्वच्छ पट्टा येतो. वॉश तीनाचे सहा केले, ढिम्म फरक नाही. परवा लॅब मीटिंग आहे. लवकर सांगा.

बीडवाली
पेशी कोणत्या? बफर कोणतं? क्रॉसलिंक (प्रथिन आणि आरएनए पक्के जोडणं) केलंत का? आरटी (आरएनएचा डीएनए करणारं एन्झाइम) न घातलेला कंट्रोल लावलात का? यातलं काहीच लिहिलेलं नाही. आणि वेस्टर्नला चालणारी अँटीबॉडी आयपीला (अँटीबॉडीने प्रथिन ओढून काढणं) चालेलच असं नाही. वेस्टर्नमध्ये प्रथिन उलगडलेलं असतं, आयपीत घडी घातलेलं. आयपीनंतर बीड्सचा (अँटीबॉडी बसवलेले मणी) थोडा भाग वेस्टर्नला टाकून पाहिलात?

क्रॉसलिंकर
आरआयपी सोडा, क्लिप (पेशीतच यूव्हीने प्रथिन-आरएनए जोडून मग आयपी) करा. लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या द्रावात) प्रथिनं एक आरएनए सोडून दुसऱ्याला चिकटतात, हे २००४ पासून माहीत आहे. माध्यम काढा, थंड पीबीएस घाला, डिशचं झाकण काढून बर्फावर २५४ नॅनोमीटरचा यूव्ही द्या. झाकण राहिलं तर प्लास्टिक सगळं यूव्ही खाऊन टाकतं.

बीडवाली
परवाच्या मीटिंगला क्लिप? यूव्हीने जेमतेम काही टक्के रेणू जुळतात, मटेरियल किती लागेल ते आधी सांगा. त्यापेक्षा ०.१ टक्का फॉर्मल्डिहाइड, १० मिनिटं, मग ते थांबवायला १२५ मिलीमोलर ग्लायसिन.

क्रॉसलिंकर
फॉर्मल्डिहाइड प्रथिनालाही प्रथिन जोडतं. शेजाऱ्याचा आरएनए तुमच्या खात्यावर जमा होईल.

कणकण
स्ट्रेस ग्रॅन्यूल (ताणाखाली पेशीत बनणारे आरएनए-प्रथिनांचे गोळे) पाहायचे असतील तर सोडियम आर्सेनाइट ०.५ मिलीमोलर, ३० मिनिटं, आणि जी३बीपी१ (त्यांचं खूण-प्रथिन) चं स्टेनिंग. सायक्लोहेक्सिमाइड आधी घातलंत तर ग्रॅन्यूल बनतच नाहीत, तो उत्तम कंट्रोल.

बीडवाली
ग्रॅन्यूलचं इथे कोणी विचारलंय?

पिपेटधारी
पेशी एचईके २९३ (मानवी मूत्रपिंडापासूनची पेशीमालिका). बफर नेहमीचं पॉलिसोम लायसिस: १०० मिलीमोलर केसीएल, ५ मिलीमोलर एमजीसीएल२, ०.५ टक्के एनपी-४०. बर्फावर १० मिनिटं, सेंट्रिफ्यूज, सुपरनॅटंट (वरचा द्राव) घेतला. क्रॉसलिंक नाही. प्रायमर एक्झॉन (पक्व एमआरएनएत उरणारे तुकडे) ३-४ चे.

इन्ट्रॉन_एक
आता कळलं. एक नाही, तीन घोळ आहेत.

टीडीपी-४३ मुख्यतः केंद्रकात असतं. ०.५ टक्के एनपी-४० ने बाहेरचं पटल फुटतं, केंद्रकं बरीचशी शाबूत राहून पेलेटमध्ये (तळाच्या गाळात) बसतात. म्हणजे तुमचं प्रथिन तुम्ही पेलेटबरोबर फेकून देताय. पेलेट आणि सुपरनॅटंट शेजारी शेजारी वेस्टर्नला लावा, सोबत लॅमिन (केंद्रकाचं खूण-प्रथिन). मग बर्फावर थोड्या थोड्या सोनिकेशनने केंद्रकं फोडा. फेस येऊ देऊ नका.

दुसरं, एसटीएमएन२ न्यूरॉनचा जनुक. एचईकेत तो जेमतेम असतो, इनपुटचाच (आयपीआधीच्या नमुन्याचा) सीटी पाहा. एसएच-एसवाय५वाय (न्यूरॉनसारख्या पेशी) घ्या.

तिसरं, टीडीपी-४३ बसतं ते पहिल्या इन्ट्रॉनमधल्या (इन्ट्रॉन म्हणजे पक्व होताना कापला जाणारा भाग) जीयू-बहुल तुकड्यावर. ते तिथून हटलं की लपलेला एक्झॉन २ए आत शिरतो आणि संदेश (एमआरएनए) अर्ध्यातच संपतो. एएलएसमध्ये (चेतापेशी झिजवणारा आजार) हेच दिसतं. पक्व एमआरएनएवर ती जागाच उरत नाही, तर एक्झॉन ३-४ मध्ये काय सापडणार? प्रायमर इन्ट्रॉनमध्ये बांधा. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून टीएआरडीबीपीचाच (टीडीपी-४३ चं जनुक) ३ प्राइम यूटीआर (संदेशाच्या शेवटचा, प्रथिन न बनवणारा भाग) लावा, टीडीपी-४३ स्वतःच्या संदेशावर बसून स्वतःचं प्रमाण आवरतं. तो एचईकेतही चालतो.

बीडवाली
पण इन्ट्रॉनचे प्रायमर जिनोमिक डीएनएही वाढवतात. सोनिकेशननंतर तर डीएनएचा चुरा सगळीकडे. डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) आणि आरटीविना कंट्रोल, दोन्ही सक्तीचे.

संज्ञाप्रेमी
टीडीपी-४३ सारख्या प्रथिनाला आरएनए-बंधक म्हणावं की आरएनए-बद्ध?

क्रॉसलिंकर
बंधक. बद्ध म्हणजे बांधलेलं. पुढे चला.

पिपेटधारी
वेस्टर्न झालं. पेलेटमध्ये जाड पट्टा, सुपरनॅटंटमध्ये पुसट. एचईकेत इनपुटचा सीटीसुद्धा ३१ च्या पुढे. आधी वर दिलेल्या आकड्यांत आरटीविना कंट्रोल नव्हता, लावला तर २८.६ आला. डीएनेज बीड्सवरच करू का?

इन्ट्रॉन_एक
मग तो २८ चा सीटी डीएनएचाच होता. डीएनेज आरएनए काढल्यावर करा. ते बंद करताना आधी ५ मिलीमोलर ईडीटीए (मॅग्नेशियम पकडून ठेवणारं), मगच तापवा. मॅग्नेशियम मोकळं ठेवून तापवलंत तर आरएनएच तुटेल. पण इनपुटचा सीटी आयपीपेक्षा जास्त कसा? तो किती पातळ केला होता?

पिपेटधारी
अरे हो. शंभरपट.