अ‍ॅडोलसन्स बघितली का कुणी? तो पोरगा खुनी कुठं झाला तेच कळंना

जुळेसोलापूरकर_आई

नमस्कार, नेटफ्लिक्सवरची इंग्लंडमधली मालिका अ‍ॅडोलसन्स काल रात्री संपवली, चारच भाग आहेत. पुढं सगळं फोडून सांगणार आहे, ज्यांना बघायचीय त्यांनी इथंच थांबा.

पहिल्याच भागात सकाळी सहाला पोलीस दार फोडून घुसतात आणि १३ वर्षांच्या जेमीला अंथरुणातून उचलतात, भीतीनं त्याची पँट ओली होते. मला वाटलं चुकीच्या घरात आले असतील. मग स्टेशनला बापाशेजारी बसवून त्याला सीसीटीव्ही दाखवतात, आणि वर्गातल्या केटीला यानंच भोसकलंय हे बाप पोराच्या शेजारी बसून बघतो. पोरगा जवळ यायला बघतो तर बाप आधी अंग आखडून घेतो आणि मग कुशीत घेऊन रडतो. ते बघून मला रात्रभर झोप नाही.

माझा प्रश्न असा की या घरात वाईट काय होतं? बाप दारुडा नाही, पोरांवर हात उचलत नाही. त्याच्या बापानं त्याला पट्ट्यानं फोडलेलं, म्हणून त्यानं ठरवलेलं की आपण असं वागायचं नाही, आणि तो तसा वागलाही नाही. आमचे हे म्हणतात पोरगंच मुळात वाया गेलेलं, त्यात आईबाप काय करणार. पण मला ते पटंना. शेवटच्या भागात आईबाप बेडवर बसून बोलतात ना, की तो शाळेतून यायचा, दार आपटून वर जायचा, रात्री एकला लाईट दिसायचा, दार वाजवलं की लाईट बंद, आणि आपल्याला वाटायचं घरातच आहे म्हणजे सुखरूप आहे, ते तर शब्द न शब्द आमच्या घरातलं आहे. माझा मुलगापण १३ चाच आहे.

अजून एक सांगते. बाप जेमीला फुटबॉलला न्यायचा, त्याला खेळता यायचं नाही, बाकीचे बाप हसायचे आणि याचा बाप मान फिरवायचा. पोराला आवडायचं चित्रं काढायला. आमचा पण वहीच्या मागच्या पानांवर सारखं काहीतरी काढत बसतो आणि हे त्याला दर रविवारी पहाटे उठवून पार्क मैदानावर क्रिकेटच्या कोचिंगला नेतात. परवा वही उघडली तर सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजाच्या मिरवणुकीचं चित्र होतं, काठीला बांधलेला हार न हार काढलेला, आणि आम्हा दोघांपैकी कुणी ते कधी बघितलंच नव्हतं.

तुम्हाला काय वाटतं, तो कुठं बिघडला?

शाळेतला_माणूस

ताई, मी पूर्व भागात नववी-दहावीला शिकवतो म्हणून दुसरा भाग मला जास्त लागला. तो इन्स्पेक्टर शाळेत फिरत राहतो आणि त्याला काही म्हणजे काही सापडत नाही, शेवटी त्याचाच पोरगा बापाला बाजूला घेऊन समजावतो की इन्स्टावर केटीनं टाकलेल्या त्या इमोजी मैत्रीच्या नव्हत्या. लाल गोळी, शंभरचा आकडा, राजमा, प्रत्येकाचा वेगळा अर्थ. शंभरचा आकडा म्हणजे ८० टक्के पोरी २० टक्केच पोरांच्या मागं असतात आणि तू त्या २० मधला नाहीस. सगळ्या वर्गाला दिसेल असं तिनं त्याला हिणवलेलं असतं आणि पोलिसांना वाटत असतं दोघांचं चांगलं जमायचं.

मी दुसऱ्या दिवशी वर्गात सहज विचारलं तर मागच्या बाकावरच्या तिघांनी एकमेकांकडं बघितलं आणि मान खाली घातली. त्यांना माहीत होतं. मला इतकी वर्षं शिकवून माहीत नव्हतं.

पण एक गोष्ट राहू नये. त्यात ती लेडी पोलीस म्हणते की शेवटी सगळ्यांच्या लक्षात जेमीच राहणार, केटी कुणाच्या नाही. आपण पण तेच करूलालाव बघा, पोरगा का बिघडला यावर पानभर लिहितोय आणि मेली ती पोरगी.

विजापूररोड_७८

माझं मत वेगळं आहे. बापानं मान फिरवली म्हणून कुणी खुनी होत नाही, तसं असतं तर निम्मं सोलापूर आत असतं. ताई, तिसरा भाग परत बघा, त्यात फक्त जेमी आणि ती मानसतज्ज्ञ बाई, एका खोलीत, कुठं कट नाही. चारही भाग तसेच एका दमात शूट केलेत पण इथं ते सगळ्यात जास्त जाणवतं कारण आपल्याला पण खोलीतून उठता येत नाही. ओवेन कूपर त्या पोराचं नाव, पहिलंच काम त्याचं, आणि त्याला टीव्हीचं एमी अवॉर्ड मिळालं ते उगाच नाही. आधी गोड बोलतो, मग एकदम तिच्या अंगावर जाऊन ओरडतो आणि ती घाबरली हे बघून त्याला बरं वाटतं!

तिथंच तो सांगून जातो की केटीची शाळेत बदनामी झाली होती, ती खचलेली असणार म्हणून आता आपल्याला हो म्हणेल असं वाटून त्यानं तिला विचारलं. आणि तिनं नाही म्हटलं. माझ्या मते जे काय बिघडलं ते इथं. पोरगी पडलेली असताना तिला हात द्यायचा सोडून हा संधी बघतोय, आणि वर स्वतःला बाकीच्यांपेक्षा चांगला समजतोय.

आमचे वडील १९७६-७७ ला पुण्यात शिकायला होते, जोशी-अभ्यंकर खुनांच्या वेळी. अंधार पडला की रस्ते ओस, दार वाजलं तरी कुणी उघडायचं नाही. ते म्हणायचे, सगळ्यात धक्का कशाचा बसला असेल तर पकडलेली ती अभिनव कला महाविद्यालयाची पोरं निघाली, आपल्यासारखीच सायकलवर हिंडणारी, आणि पहिला बळी त्यांच्याच वर्गातला. १९८३ ला त्यातल्या चौघांना येरवड्यात फाशी झाली. १९८६ ला त्यावर 'माफीचा साक्षीदार' सिनेमा आला, त्यात खून कसे केले ते कळतं, पण ही पोरं तिथपर्यंत आली कशी ते वडलांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

वकील_सातरस्ता

कायद्याचं थोडं सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं १३ च्या पोराला आपल्याकडं पण असंच उचलून तुरुंगात टाकतात. इंग्लंडमध्ये १० वर्षं पूर्ण झाली की गुन्ह्याची जबाबदारी धरतात. इथं जेमी २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली बाल न्याय मंडळापुढं गेला असता, लॉकअप नाही, बेडी नाही, नाव-फोटो छापायला बंदी, आणि जास्तीत जास्त ३ वर्षं विशेष गृहात. मोठ्यासारखा खटला चालवायचा का हा प्रश्न १६ पूर्ण झालेल्या पोरांचाच येतो, तोही खुनासारख्या गुन्ह्यात, आणि त्याआधी परिणाम कळण्याइतकी समज त्याला होती का ते तपासायचं असतं. ती तिसऱ्या भागातली बाई साधारण तेच करत असते, त्यानं केलं का हे नाही, केलं म्हणजे काय केलं हे त्याला कळतं का.

शेवटी जेमीला तिथून ओढून नेतात तेव्हा तो ओरडून तिला विचारत असतो, मी तुम्हाला आवडतो का. अशी पोरं मी मंडळापुढं बघितलीत. आईबाप बाहेर बाकावर, आणि पोरगं आतून दारातून डोकावून बघत असतं की ते अजून बसलेत का.

जुळेसोलापूरकर_आई

सर, तुमचं केटीबद्दलचं वाचून लाज वाटली, खरंच मी तिच्याबद्दल एकच ओळ लिहिली होती. आणि विजापूर रोडवाले दादा, तुमचं पटलं पण पूर्ण नाही. कारण शेवटी बाप विचारतो की आपण मुलीला कशी घडवली, आणि आई म्हणते जशी त्याला घडवली तशीच. एकच घर, एकच आईबाप, बहीण किती समजूतदार. म्हणजे एवढं एकच कारण असं बोट दाखवता येत नाही ना?

काल रात्री ह्यांना चौथा भाग परत दाखवला. बाप पोराच्या खोलीत जातो, टेडीला पांघरूण घालतो आणि सॉरी म्हणतो, तिथं हे उठून गॅलरीत गेले. नंतर काही बोलले नाहीत. आज पाण्याचा दिवस होता म्हणून चारला उठले तर हे मुलाच्या खोलीत खुर्चीवर बसून ती वही बघत होते, मोबाईलचा टॉर्च लावून. मुलगा झोपलेला होता. मी मोटर लावायला गेले.

त्या इमोजींचं मुलाला कसं विचारू ते मात्र सांगा कुणीतरी, सर तुम्ही वर्गात नेमकं काय म्हणून सुरुवात केलीत?