१७९७ चे खलाशांचे बंड : भाकरीसाठी की राजकारणासाठी?

गलबत : १७९७ साली इंग्लंडमधील स्पिटहेड आणि नोर या नांगरतळांवर आरमाराच्या खलाशांनी बंड केले. ते केवळ पगारासाठी होते, असे सांगून विषय मिटवला जातो, ते मला पटत नाही. आरमारासाठी माणसे बळजबरीने पकडणाऱ्या धरपकड टोळीने परतणाऱ्या व्यापारी जहाजावरून उचललेला खलाशी आणि १७९५ च्या कोटा कायद्यान्वये, म्हणजे ठरावीक संख्येने माणसे पुरवण्याच्या सक्तीने, परगण्यांनी भरून दिलेला कर्जबाजारी माणूस एकाच डेकवर आले होते. स्पिटहेडला सोळा जहाजांनी प्रत्येकी दोन प्रतिनिधी निवडले आणि ते ‘क्वीन शार्लट’ जहाजावरील ॲडमिरलच्या दालनात बसून ठराव करू लागले. ज्या देशात बहुतेक पुरुषांना मताधिकार नव्हता, तेथे वेठीस धरलेल्यांनी प्रतिनिधी निवडावेत, हेच राजकारण नव्हे काय?

कोठीवाला : नव्हे. त्यांचा अर्ज पाहावा. पगार सतराव्या शतकाच्या मध्यापासून वाढलेला नव्हता, आणि जहाजाचा कोठीदार सोळा औंसांच्या पौंडाला चौदाच औंस तोलून देई. शत्रूचे, म्हणजे फ्रेंचांचे, आरमार बाहेर पडले तर आम्ही लढायला निघू, असेही त्यांनीच कळवले होते. मुख्य म्हणजे, ज्या सक्तीच्या भरतीवर आपला सारा भर आहे, ती बंद करण्याची मागणी त्या अर्जात मुळीच नाही. पगारवाढ आणि राजाची माफी घेऊन ज्येष्ठ ॲडमिरल लॉर्ड हाऊ आले आणि मे महिन्यात सारे शांत झाले.

गलबत : मागणी नव्हती, हे मान्य, पण जे मिळणारच नाही ते मागून बाकीचे कशाला घालवा, असा हिशेब त्यामागे असावा, असे मला वाटते. नोरचे काय? तेथे रिचर्ड पार्कर ‘प्रतिनिधींचा अध्यक्ष’ झाला आणि खलाशांनी थेम्सची नाकेबंदी केली.

सुकाणू : नोर वेगळे होते, हे खरे, पण ते एकाकीही पडले. सरकारने रसद तोडली, नदीमुखातील वाट दाखवणारे बोये काढून टाकले आणि एकेक जहाज बंडातून फुटून निघू लागले. ३० जून रोजी पार्करला ‘सँडविच’ जहाजावर फाशी दिली. फ्रेंच क्रांतीची मते मानणाऱ्या जॅकोबिन मंडळ्यांशी बंडखोरांचे धागेदोरे आहेत का, हे पाहायला सरकारने दंडाधिकारी पाठवले होते. ठोस पुरावा मिळाला नाही. तरीही सैनिक-खलाशांच्या फितवणीविरुद्ध आणि गुप्त शपथांविरुद्ध त्याच वर्षी कायदे झाले. यांतील शपथांच्या कायद्याखालीच १८३४ मध्ये टोलपडलच्या सहा शेतमजुरांना, मजुरी घटू नये म्हणून गुप्त शपथ देऊन संघ काढल्याबद्दल, काळ्या पाण्यावर ऑस्ट्रेलियाला धाडले.

कोठीवाला : त्यावरून सरकार किती घाबरले होते हे दिसते, खलाशांच्या मनात काय होते हे नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हॉलंडच्या किनाऱ्याजवळ कॅम्परडाउनला डच आरमाराचा पराभव करणाऱ्या जहाजांत बंडात सामील झालेली जहाजेही होती.

गलबत : तोफेशी उभे राहणे आणि सरकार मान्य असणे या एकच गोष्टी आहेत, हे मात्र आपण गृहीत धरले आहे.