पबची रील दहावीतल्या पोरीपर्यंत पोचते, आणि जबाबदारी म्हणे आईबापांची?

रामबागकर
परवा आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपवर एकाने लिहिलं: 'पबवाल्याने पेजवर "फक्त २१ वर्षांवरील" लिहिलं की त्याचं काम झालं. पोराच्या हातात मोबाइल कुणी दिला ते आईबापांनी बघावं.' हे वाचल्यापासून डोकं तापलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी भाची दहावीत आहे. तिच्या मोबाइलवर विजयनगरच्या एका पबची रील आली. ती त्या पबला फॉलो करत नाही. ती फॉलो करते खाण्याचं एक पेज, तेच सराफा बाजारातले गराडू, छप्पन दुकानची कचोरी वगैरे दाखवणारं. त्या पेजवाल्याने पबबरोबर कोलॅब केली, म्हणजे एकच रील दोघांच्या पेजवर. आधी पनीर टिक्का, मग निळ्या दिव्याखाली धूर सोडणारा ग्लास, आणि खाली 'बुधवारी मुलींना एन्ट्री फ्री'. वयाचा उल्लेख कुठेही नाही. पबच्या स्वतःच्या पेजवर असेल पाटी, पण ती पाटी भाचीने पाहिलीच कधी?

टीव्हीवर दारूची जाहिरात बंद झाली तेव्हा कंपन्यांनी सोडा, पाणी आणि म्युझिक सीडीच्या आडून ब्रँड दाखवला. २०२२ च्या केंद्राच्या नियमावलीने तसल्या आडच्या जाहिरातींनाही मनाई केली. मग खाण्याच्या पेजआडून दारू दाखवणं वेगळं कसं? इन्स्टाग्रामवर धंद्याच्या खात्याला किमान वय लावता येतं, सेटिंगमध्ये जाऊन दोन मिनिटांचं काम आहे. ते लावा आणि ज्याने लावलं नाही त्याच्याबरोबर कोलॅब करू नका. आबकारीने ही लायसन्सची अटच करावी.

सुदामानगरचे काका
ते मीच लिहिलं होतं, आणि मागे घेणार नाही. भाचीच्या खात्यावर जन्मसाल काय टाकलंय ते आधी बघा. सगळी पोरं खोटं टाकतात. मग पबवाल्याने २१ लावा नाहीतर ३१, रील दिसणारच.

रामबागकर
बघितलं काका. १९९९ टाकलंय. तुमचं एवढं मानतो, आणि ताईला मी ते बोललोही. पण खरं वय टाकणाऱ्या पोरांचं काय? त्या खाण्याच्या पेजला वयाची अटच नाही, म्हणजे तेरा वर्षांच्या, खरं बोलणाऱ्या पोरालाही ती रील दिसते.

मालवा_मनीषा
मी दोन-तीन रेस्टॉरंटची पेजेस सांभाळते, म्हणून आतली गोष्ट सांगते. किमान वय लावलं की रीच पडतो आणि मालकाचा फोन येतो, 'मॅडम, व्ह्यूज का कमी झाले?' शिवाय खाली फॅमिली जेवते, वर बार, आणि पेज एकच. वाढदिवसाच्या केकची रील आणि कॉकटेलची रील एकाच खात्यावरून जातात. किमान वय लावलं तर केकवालेही जातात. सल्ला देणं सोपं आहे हो.

भंवरकुआ_वाला
सगळे पंधरा-सोळाच्या पोरांवरच अडकलेत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मूल म्हणजे १८ च्या आतलं, त्यांना लक्ष्य करून जाहिरात करायला बंदी. मध्य प्रदेशात दारू प्यायचं वय २१. मधल्या तीन वर्षांचं काय? आमच्या भागात कोचिंगची हॉस्टेलं त्याच वयाच्या पोरांनी भरलीत. बुधवार-शनिवारच्या रील सगळ्यात जास्त त्यांच्यासाठीच बनतात, आणि ती पोरं घरापासून लांब आहेत. काका, तिथे कोणते आईबाप बघणार?

नंदानगर_ताई
रील रील काय करताय? १ एप्रिल २०२३ पासून अहाते, म्हणजे कलालीला (दारूच्या दुकानाला) लागून बसून प्यायच्या जागा, बंद केले, तेव्हापासून कलालीशेजारी गाडीच्या बॉनेटवर ग्लास मांडून पितात. माझा मुलगा ट्यूशनवरून येताना रोज तेच बघतो. त्याला मोबाइलची गरजच नाही.

लोकमान्यनगर_एक
ताई, अहात्याचं दुःख करू नका. माझ्या मोठ्या भावाचा संसार त्या अहात्यात बुडाला. पगाराच्या दिवशी वहिनी बाहेर उभी राहायची. बंद झाला ते उत्तम झालं.

नंदानगर_ताई
मी दुःख करत नाहीये, नीट वाचा! पूर्वी भिंतीच्या आत होतं, आता आमच्या दाराशी आलंय. तुमच्या वहिनींबद्दल वाईट वाटतं, पण आमच्या गल्लीत बायकांनी संध्याकाळी शतपावली सोडली त्याचं काय?

लोकमान्यनगर_एक
मग पोलिसांत तक्रार करा. रस्त्यावर पिणं गुन्हाच आहे.

नंदानगर_ताई
केली. गाडी येते, ते पांगतात, गाडी गेली की परत बसतात. तुम्ही एक दिवस येऊन उभे राहा, मग मला शिकवा.

सुदामानगरचे काका
बघा, शेवटी मुद्दा घरावरच येतो. पोराला समजावलं असेल तर बॉनेट दिसो नाहीतर रील, तो बिघडत नाही.

बडोदेकर_सून
काका, माझं माहेर इंदूर, सासर बडोदा. गुजरातेत राज्य झाल्यापासून दारूबंदी. तरी माझ्या अकरावीतल्या दिराला इंदूर-उदयपूरच्या पबच्या रील येतात, कारण तो फिरण्याची पेजेस बघतो. गेल्या सुट्टीत इथे आल्यावर त्याने आधी विचारलं, 'वहिनी, तो निळ्या दिव्यांचा पब कुठे आहे?' आमच्या घरात कुणी पीत नाही, आणि त्याला समजावलेलंही आहे. आता सांगा, घराने आणखी काय करायचं?

सुदामानगरचे काका
...ठीक. कोलॅबचं मान्य. दुसऱ्याच्या पेजवरून रील सोडायची असेल तर त्या पेजलाही वयाची अट हवी. पण मोबाइल देणाऱ्या आईबापांना मी मोकळं सोडणार नाही.

रामबागकर
नका सोडू. मी फक्त लायसन्सवाल्याला मोकळं सोडू नका म्हणतोय. मनीषाताई, बारचं खातं वेगळं आणि फॅमिली रेस्टॉरंटचं वेगळं केलं तर?

मालवा_मनीषा
होऊ शकतं. नवं खातं शून्यापासून उभं करावं लागेल, म्हणून मालक कुरकुरतील. एकजण जरा समजूतदार आहे, त्याला सोमवारी विचारते. पण शेजारच्या बारवाल्यालाही तीच अट नसेल तर तो नाहीच म्हणेल, हे आत्ताच सांगून ठेवते.

नंदानगर_ताई
अहात्याचा वेगळा धागा काढतेय. लोकमान्यनगरवाल्यांनी तिथे यावं.