प्रतिसाद: लस माणसाला नाही, उंदराला

उंदरांना खाद्यातून लस देण्याच्या कल्पनेवर ‘जिवाणूच खायला घालून रोग कसा थांबेल?’ असं विचारलं गेलं; प्रश्न अगदी रास्त आहे. गोचीड चावल्याने होणाऱ्या लाइम या जिवाणूजन्य रोगाचं उदाहरण घेऊन सांगतो.

अंड्यातून बाहेर आलेल्या गोचिडीत लाइमचा जिवाणू नसतो. अमेरिकेच्या ईशान्य भागात तिला तो बहुतेकदा पांढऱ्या पायांच्या रानउंदराचं रक्त पिताना मिळतो. मग पुढच्या अवस्थेतली, खसखशीच्या दाण्याएवढी गोचीड माणसाला चावते. इतकी बारीक, की गुडघ्यामागे बसली तर तीळ समजून आपण सोडून देतो!

म्हणून संशोधकांनी ई. कोलाय या जिवाणूच्या निरुपद्रवी प्रकारात लाइम-जिवाणूच्या आवरणावरचं ऑस्प-ए हे प्रथिन तयार करवलं आणि हे ई. कोलाय खाद्यात मिसळून उंदरांना चारले. उंदराच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं (जंतूंना रोखणारी प्रथिनं) तयार होतात. खरी गंमत पुढे आहे: रक्तासोबत ती गोचिडीच्या पोटात जातात आणि तिथेच जिवाणूला गाठतात. न्यूयॉर्क राज्यातल्या डचेस काउंटीत सलग 5 वर्षं असं खाद्य ठेवल्यावर बाधित गोचिडींचं प्रमाण 76 टक्क्यांनी घटलं. आंबवलेल्या भाज्यांत सापडणाऱ्या लॅक्टोबॅसिलस प्लांटारम या जिवाणूवरही प्रयोगशाळेत असंच काम झालंय.

सिंधुदुर्गातल्या, गोचिडीमुळेच पसरणाऱ्या माकडतापाला हेच लागू होईल का? तसंच्या तसं नाही. तो विषाणूमुळे होतो. ऑस्प-ए तिथे कामाचं नाही. पण दोडामार्गच्या काजूबागांत राबणाऱ्यांचा विचार केला, की जंगलातल्या प्राण्यांपासून सुरुवात करायची ही दिशा मला फार मोलाची वाटते.